उलटी सरकलेली रेघ

काचेची पट्टी हातात घ्या, पण कडेने धरा. मधोमध बोट लागलं तर दिवसभराची मेहनत वाया गेली. मायक्रोस्कोपखाली ठेवतात तसलीच ही साधी काच. निर्वात भांड्यात कथील तापवून, त्याची वाफ हिच्यावर बसवून थर केलाय. उजेडात धरलीत तर आरशासारखी चमकते. दोन्ही टोकांना कथील चांगलं रुंद आहे, चार तारा जोडता येतील इतकं. मध्ये मात्र ते आखडत आखडत एवढं अरुंद झालंय की नुसत्या डोळ्यांना तिथे तुटल्यासारखंच वाटावं. भिंगातून पाहिलंत की सांधा दिसतो. सगळा प्रवाह त्या चिंचोळ्या जागेतून जाणार.

साल १९६६, वसंत ऋतू. तुम्ही इंग्लंडमध्ये आहात, नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात. तुम्ही कोण, असं कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेत वही घेऊन कोपऱ्यात उभा असलेला माणूस कुणाचा तरी विद्यार्थी असणार, असं सगळेच धरून चालतात. (खोलीतले बारकावे मी त्या काळच्या हेलियम प्रयोगशाळांच्या सर्वसाधारण रीतीवरून बेतलेत. आता जे दिसणार आहे, ते मात्र इथे खरोखर दिसलं होतं.)

पट्टी एका लांब दांड्याच्या टोकाला बसते आणि काचेच्या दुहेरी भांड्यात खाली उतरते. बाहेरच्या भांड्यात द्रव नायट्रोजन, आतल्यात द्रव हेलियम. भांड्यांना आतून चांदीचा लेप आहे, बाहेरची उष्णता परतवायला. त्यात वरपासून खालपर्यंत एक उभी फट मोकळी सोडलीय, त्या फटीतून आत डोकावायचं. हेलियमची पातळी पटकन सापडत नाही, कारण हा द्रव प्रकाशाला जवळजवळ वळवतच नाही. बारीक बुडबुडे जिथे संपतात तिथे पातळी, असं समजायचं. तापमान ४.२ केल्विन. म्हणजे शून्याखाली २६९ अंश सेल्सिअस.

तुमच्याकडे सोपवलेलं काम दाबमापीवर नजर ठेवायचं. पंप सुरू होतो, हेलियमवरचा दाब उतरायला लागतो आणि त्याबरोबर हेलियम आणखी थंड होत जातं. पारा ७६० मिलिमीटरवरून घसरत साडेचारशेच्या आसपास आला की झडप हळूच फिरवून त्याला तिथेच थोपवायचं. इथे तापमान ३.७ केल्विनच्या जवळ असतं. कथील याच सुमाराला आपला विद्युतरोध टाकून देतं आणि अतिवाहक होतं. या उंबरठ्याच्या किंचित खाली, अगदी काठावर राहायचंय. झडप जरा जास्त फिरली की तापमान भलतीकडेच जातं, मग पुन्हा पहिल्यापासून.

टेबलावर एक्स-वाय रेकॉर्डर आहे. प्रवाह वाढत जाईल तशी त्याची लेखणी उजवीकडे सरकते, पट्टीवर विद्युतदाब निर्माण झाला की वर चढते. प्रवाह सुरू होतो. लेखणी कागदाच्या तळाशी सरळ आडवी चालते: प्रवाह वाहतोय आणि दाब शून्य. मग एका ठिकाणी ती एकदम वर उडी मारते. त्या जागेला क्रांतिक प्रवाह म्हणतात. अतिवाहक अवस्थेला याहून जास्त प्रवाह पेलत नाही. तुम्ही कागदावर तिथे पेन्सिलीने खूण करता.

आता मायक्रोवेव्ह. बाजूला क्लिस्ट्रॉन नावाची निर्वात नळी आहे, तिच्यातून निघणारी लहर पितळी चौकोनी नळकांड्यातून खाली पट्टीपर्यंत जाते. वाटेत लहरीची तीव्रता कमी-जास्त करायची एक फिरकी. फिरकी अगदी थोडी उघडतात, पुन्हा शून्यापासून प्रवाह वाढवत नेतात. लेखणी तुमच्या खुणेपाशी येते.

आणि तशीच पुढे जाते.

खूण मागे पडली तरी ती आडवीच चालली आहे. पुष्कळ पुढे गेल्यावर मग उडी मारते. पट्टीवर ऊर्जा ओतली आणि पट्टी आधीपेक्षा बळकट अतिवाहक झाली. फिरकी आणखी उघडली तर रेघ पुन्हा डावीकडे येऊ लागते, अखेर सगळंच ढासळतं. तीव्र मायक्रोवेव्ह मारक ठरणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. सौम्य मायक्रोवेव्ह तारक ठरतील असं मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं.

जून १९६६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ मध्ये हा निबंध छापून येतो. त्यावर चार नावं आहेत: वायट, दिमित्रिएव, मूर आणि शेअर्ड. दिमित्रिएव हे सोव्हिएत युनियनमधल्या खारकीव्हच्या नीचतापमान संस्थेचे. शीतयुद्ध ऐन भरात असताना खारकीव्हचा माणूस इंग्लंडमधल्या हेलियमच्या भांड्यापाशी उभा आहे, एवढ्या एका गोष्टीवरही एखादा स्वतंत्र लेख होईल. विभागातून बाहेर पडताना व्हरांड्यात पीटर मॅन्सफील्ड नावाच्या तरुण अधिव्याख्यात्याशी तुमची गाठ पडू शकते. चुंबकीय अनुनादातून शरीराच्या आतली चित्रं काढण्याबद्दल त्यांना २००३ साली नोबेल मिळणार आहे, आणि त्या एमआरआय यंत्रांचे मोठे चुंबक अतिवाहक तारेचेच असणार आहेत. त्यांना काही सांगू नका.

लेखणीचं ते पुढे जाणं किती विचित्र आहे, हे नीट कळायला थोडं मागे जायला हवं. लायडन, ८ एप्रिल १९११. हाइके कामरलिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत गोठलेल्या पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनच्या आसपास नाहीसा होतो. इथे आपण थांबणार नाही, हा प्रसंग सगळीकडे वाचायला मिळतो. दोन-तीन वर्षं पुढे, १९१३-१४ मध्ये या. आता याच प्रयोगशाळेत रोध नसलेल्या तारेची वेटोळी करून प्रचंड चुंबक बनवायची स्वप्नं रंगत आहेत आणि रंगता रंगताच विरत आहेत. प्रवाह जरा वाढवला की अतिवाहकता जाते. चुंबकीय क्षेत्र जरा वाढवलं की जाते. तापमान वाढलं की जातेच जाते. उष्णता, प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र हे अतिवाहकतेचे तीन वैरी. ज्याने तिचा शोध लावला त्यालाच ते तिन्ही भेटले.

मायक्रोवेव्हमध्ये हे तिघेही एकत्र येतात. ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचीच लहर आहे, ती धातूत प्रवाह हलवते, आणि तापवते तर नक्कीच. तुमच्या स्वयंपाकघरातला ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, नॉटिंगहॅमचा क्लिस्ट्रॉनही मायक्रोवेव्हच सोडणारा. त्यातून अतिवाहक मायक्रोवेव्ह शोषत नाही असंही नाही. हाइन्झ लंडन यांनी १९४० मध्येच कथिलावर मोजून दाखवलं होतं की स्थिर प्रवाहाला रोध न करणारा अतिवाहक उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला थोडा रोध करतो. पट्टीत ऊर्जा शिरत होती, तरी अतिवाहकता वाढत होती.

मग पहिला संशय अर्थातच त्या चिंचोळ्या सांध्यावर गेला. त्याला कारण होतं. १९६४ मध्ये न्यू जर्सीत मरे हिल इथल्या बेल प्रयोगशाळेत चला. फिल अँडरसन आणि अली डायम यांनी अशाच अरुंद सांध्यांवर मायक्रोवेव्ह सोडून पाहिल्या आहेत. त्यांच्या आलेखात पायऱ्या उमटल्या आहेत, आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर वारंवारतेवरून ठरतं: १० गिगाहर्ट्झला सुमारे २०.७ मायक्रोव्होल्ट. दोन वर्षांपूर्वीच, १९६२ मध्ये, केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या विद्यार्थ्याने दोन अतिवाहकांमधल्या पातळ सांध्याबद्दल जे भाकीत केलं होतं, त्याच्याशी या पायऱ्या जुळतात. सांध्याचं हे वागणं एवढं देखणं आहे की पुढची काही वर्षं सगळ्यांची नजर तिथेच खिळून राहते. पुढे १९६७ मध्ये डायम आणि वीगंड हे दोघे क्रांतिक प्रवाहातली वाढ वेगवेगळ्या वारंवारतांवर तपशिलाने मोजतात. या परिणामाला वायट-डायम परिणाम हे नाव पडतं. नॉटिंगहॅमच्या चौघांपैकी एकाचंच नाव त्यात टिकतं, बाकीचे तिघे संदर्भसूचीत जातात. विज्ञानात नावं अशीच चिकटतात, त्यात न्याय शोधू नये.

सांध्यावरून बऱ्याच कल्पना पुढे आल्या. कुणी जोसेफसनच्या दिशेने गेलं, कुणी सांध्यातल्या चढउतारांच्या दिशेने. त्यांतल्या कुठल्याही कल्पनेने प्रश्न पुरता सुटला नाही.

आता १९७०. थंडीतलं चेर्नोगोलोव्का, मॉस्कोच्या ईशान्येला जंगलातलं विज्ञाननगर. बर्फ पायाखाली करकरतंय. इथली सैद्धांतिक भौतिकीची संस्था लेव लांडाऊ यांच्या नावाची आहे. १९६२ मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झालेले लांडाऊ दोन वर्षांपूर्वी वारले, पण त्यांची शिस्त इथे शाबूत आहे. हेलियम नाही, पंप नाही, लेखणी नाही. फळा आणि खडू. ‘जे-ई-टी-पी लेटर्स’ मध्ये या वर्षी आलेला एक छोटासा निबंध तुम्हाला वाचायचाय. लेखक गेरासिम एलियाशबर्ग. अतिवाहकतेच्या सिद्धांतात एलियाशबर्ग समीकरणं म्हणून जी ओळखली जातात, ती त्यांनीच दहा वर्षांपूर्वी लिहिली.

या निबंधात चिंचोळ्या सांध्याची गरजच उरलेली नाही. एलियाशबर्ग म्हणतात, साधी पातळ फिल्म घ्या, सगळीकडे सारखी असलेली. तिथेही हे होईल.

का होईल, हे समजायला फळ्यापाशी जरा रेंगाळायला हवं. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सांगितलं की अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वावरतात. जोडी फोडायला ठराविक ऊर्जा लागते, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांमध्ये एक मोकळी दरी तयार होते. शून्य तापमानाला झाडून सगळे जोडीत असतात. तापमान वाढवलं की काही जोड्या फुटतात आणि सुटे इलेक्ट्रॉन दरीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसतात. (भौतिकशास्त्रज्ञ त्यांना क्वासिपार्टिकल म्हणतात. काटेकोर अर्थाने ते साधे इलेक्ट्रॉन नसतात, पण इथे सुटे म्हटलेलं चालेल.) आता गोम अशी आहे की जोड्या टिकून राहतात त्या सतत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी घेत राहिल्यामुळे, आणि त्यासाठी जागा रिकाम्या लागतात. सुटा इलेक्ट्रॉन एखादी जागा अडवून बसला की ती जोडीच्या उपयोगाची राहत नाही. दरीच्या काठावरच्या जागा सगळ्यांत मोलाच्या, आणि सुट्यांची गर्दी नेमकी तिथेच.

संध्याकाळची विरार लोकल दादरला लागते तेव्हाचं दार आठवा. आत मधल्या पॅसेजमध्ये उभं राहायला जागा असते, पण दारात वारा खात उभे असलेले हलत नाहीत, म्हणून फलाटावरचं जोडपं चढू शकत नाही. अशात कुणी आतून ओरडतं आणि दारातल्यांना मध्ये ढकलतं. डब्यातली माणसं तेवढीच राहिली, धक्काबुक्कीने उलट जास्तच तापली, पण दार मोकळं झालं आणि जोडपं चढलं. मायक्रोवेव्ह हे ढकलण्याचं काम करतात. काठावर बसलेल्या सुट्यांना त्या वरच्या ऊर्जेकडे ढकलतात. सुट्यांची संख्या तीच, त्यांची एकूण ऊर्जा आधीपेक्षा जास्त, आणि तरीही काठावरची गर्दी विरळ झाल्यामुळे जोड्यांना जागा मिळते, दरी रुंदावते, अतिवाहकता बळावते.

ढकलण्याला दोन अटी आहेत. आत गेलेली माणसं थोड्या वेळाने पुन्हा दाराकडे येतातच, म्हणून ती परतण्याआधी पुढचा धक्का बसायला हवा. लहरीची वारंवारता पुरेशी जास्त हवी, ती त्यासाठी. दुसरी अट, धक्का इतका दांडगा नको की आत असलेली जोडपीच एकमेकांपासून तुटतील. लहरीच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा दरीपेक्षा मोठी असली तर ती जोड्याच फोडत सुटते आणि सगळा डाव उलटतो. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा तेवढा कामाचा.

लोकल जाऊ दे, आकड्यांकडे या. ॲल्युमिनियम घ्या, अतिवाहक होण्याचं, म्हणजे क्रांतिक तापमान सुमारे १.२ केल्विन. पूर्ण थंडीत त्याची दरी सुमारे ८८ गिगाहर्ट्झच्या फोटॉनएवढी असते. तापमान क्रांतिक बिंदूच्या जवळ नेत जाल तशी ती आकसते. त्या बिंदूच्या एक टक्का खाली तिची रुंदी १५ गिगाहर्ट्झच्या आसपास उरते, एक दशांश टक्का खाली ५ च्या जवळ. १० गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह एके ठिकाणी तारक आणि थोडं पुढे सरकलं की मारक, तो यामुळेच. मोजणाऱ्याला तापमानाचे हजारावे भाग सांभाळत बसावं लागतं, तेही याचमुळे.

आणि फिल्म पातळच का? जाड धातूत मायक्रोवेव्ह पृष्ठभागाशीच अडकतात. पातळ थरात त्या आरपार सारख्या पोचतात. शिवाय ढकलाढकलीतून निर्माण झालेली उष्णता काचेकडे आणि हेलियमकडे लगेच निघून जायला हवी. ती साठली तर सरळ तापमान वाढेल आणि शोधायची गोष्ट हातची जाईल. पट्टी अरुंद ठेवायची ती प्रवाह तिच्या पूर्ण रुंदीत एकसारखा पसरावा म्हणून.

मला या निबंधात सगळ्यांत थोर वाटतो तो त्याचा हट्ट. त्या चमकदार सांध्याकडे पाठ फिरवून एलियाशबर्ग एका कंटाळवाण्या, सपाट पट्टीकडे बोट दाखवतात. मोजलेलं सगळं सांध्यांवरचं, भाकीत मात्र सांधा नसलेल्या फिल्मचं. शिवाय भाकीत धीट आहे: नुसता क्रांतिक प्रवाह वाढेल एवढंच नाही, क्रांतिक तापमानसुद्धा वाढेल. पुढच्या तीन वर्षांत ते इव्हलेव आणि लिसित्सिन यांच्या साथीने सिद्धांताचे तपशील भरतात.

हे भाकीत पट्टीवर खरं ठरताना पाहायला १९७६ मध्ये हॉलंडला, डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात चला. तेउन क्लापवाइक आणि हान्स मोइ यांच्यासमोरची पट्टी तुम्हाला नॉटिंगहॅमच्या पट्टीपेक्षा निराळी दिसेल. ॲल्युमिनियमची, लांब, अरुंद, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. कुठेही आखडलेली नाही. इथे सांध्यावर खापर फोडता येणार नाही, कारण सांधाच नाही.

ॲल्युमिनियम निवडलंय त्यालाही कारण आहे. वर ढकललेला इलेक्ट्रॉन पुन्हा खाली यायला ॲल्युमिनियममध्ये फार वेळ घेतो, सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागाएवढा. फार वेळ हे धातूच्या हिशेबाने. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झची लहर तीस वेळा वरखाली होऊन गेलेली असते. कथिलात हा काळ कितीतरी कमी, शिशात त्याहूनही कमी. ॲल्युमिनियमची अडचण एकच, ते फार उशिरा अतिवाहक होतं. म्हणून इथे पंप जोरदार लागतात.

दाबमापी पुन्हा तुमच्याकडेच. पारा खाली, आणखी खाली. बुडबुड्यांनी खदखदणारं हेलियम २.१७ केल्विनला अचानक निवतं. उकळणं थांबतं, काचेतून पाहिलं तर आत काही आहे की नाही असा प्रश्न पडावा. हेलियम अतिप्रवाही झालंय. आता ते उष्णता इतक्या झपाट्याने वाहून नेतं की बुडबुडा धरायला कुठे गरम जागाच उरत नाही. तुमच्या पट्टीसाठी याहून चांगली आंघोळ नाही. १.२ केल्विनला पोचेपर्यंत दाब एक मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेलेला असतो.

पट्टी क्रांतिक तापमानाच्या किंचित वर ठेवतात. थोडासा प्रवाह, थोडासा विद्युतदाब: साधा धातू, साधा रोध. मायक्रोवेव्हची फिरकी उघडते. रेकॉर्डरची लेखणी खाली येते आणि शून्यावर टेकते. याच तापमानाला ही पट्टी अतिवाहक नसायला हवी. मायक्रोवेव्ह चालू असेपर्यंत ती आहे. फिरकी बंद केली की रोध परत.

क्रांतिक प्रवाह वाढतो हे नॉटिंगहॅमलाच दिसलं होतं. ती वाढ एकसारख्या पट्टीतही होते, आणि क्रांतिक तापमानही वर सरकतं, हे या डेल्फ्टच्या पट्ट्यांनी दाखवलं. तरी शंकेखोर माणूस म्हणेलच की प्रवाह आणि तापमान या लांबून घेतलेल्या साक्षी आहेत, खुद्द दरी रुंदावली हे कुणी पाहिलं? पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बर्कलीला कॉमर्स आणि जॉन क्लार्क ती थेट मोजतात. ॲल्युमिनियमच्या फिल्मला अत्यंत पातळ ऑक्साइडच्या थरापलीकडे दुसरा धातू जोडायचा. इलेक्ट्रॉन त्या थरातून निसटून पलीकडे जातात, आणि कोणत्या दाबाला ते भराभर जाऊ लागतात, त्यावरून दरीची रुंदी कळते. मायक्रोवेव्हखाली दरी वाढलेली असते.

हे सगळं ऐकून तुमच्या मनात आलंच असेल की मग मायक्रोवेव्ह मारून खोलीच्या तापमानाला अतिवाहक तार का करत नाहीत? क्रांतिक तापमानातली ही वाढ काही मिलिकेल्विनची आहे. काही हजारांश अंश. तीही फक्त उंबरठ्याजवळ, ठराविक वारंवारतांना, ठराविक तीव्रतेपर्यंत. विजेच्या तारांच्या क्रांतीचे मथळे वाचून ज्यांनी इथवर प्रवास केला, त्यांनी परतीचं तिकीट काढावं. मला स्वतःला हा परिणाम आवडतो तो नेमका त्याच्या छोटेपणामुळे. शंभर वर्षं अतिवाहकतेबद्दल बोलताना आपण एकच तापमान सांगत आलो: इतक्या अंशांखाली आहे, वर नाही. इथे पट्टीतल्या इलेक्ट्रॉनांना एक तापमान लावताच येत नाही. काठावरचे थंड असल्यासारखे विरळ, वरचे तापल्यासारखे दाट, आणि काच आणि हेलियम तिसऱ्याच तापमानाला. किती ऊर्जा घातली, यापेक्षा ती कुणाच्या वाट्याला गेली, यावर सगळं ठरतं. तापमापी या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, कारण तो प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो.

शेवटचा थांबा २०१४. पुन्हा डेल्फ्ट, पण काचेची भांडी, पारा आणि लेखणी सगळं गेलंय. आता बंद धातूचं शीतयंत्र आहे आणि पडद्यावर आलेख उमटतात. आत ॲल्युमिनियमची नागमोडी पट्टी आहे, गुळगुळीत चकतीवर कोरलेली. ती मायक्रोवेव्हचा अनुनादक म्हणून वापरतात: एका ठराविक वारंवारतेला ती जोरात प्रतिसाद देते. दुर्बिणीतून आलेला एखादा फोटॉन तिच्यावर पडला, जोड्या फुटल्या, की ती वारंवारता जरा सरकते आणि फोटॉन पकडला जातो. खगोलशास्त्रज्ञांसाठी असे शोधक बनवले जातात. अडचण एवढीच, की अनुनादकाची वारंवारता वाचायलाही त्याच्यावर मायक्रोवेव्ह सोडाव्याच लागतात. म्हणजे मोजण्याचं साधनच पट्टीतल्या सुट्यांना ढकलत असतं.

इथे नॉटिंगहॅमची फिरकी पुन्हा तुमच्या हातात येते, आता माऊसच्या रूपात. दे व्हिसर, क्लापवाइक आणि त्यांचे सहकारी तिची तीव्रता पायरीपायरीने वाढवत नेतात. (हे क्लापवाइक तेच, १९७६ चे.) २०० मिलिकेल्विनच्या खाली तीव्रता वाढवली की अनुनादकाची गुणवत्ता, म्हणजे त्याच्या प्रतिसादाचा टोकदारपणा, घसरते. मायक्रोवेव्हमुळे नवे सुटे इलेक्ट्रॉन तयार होतात, हे त्याचं कारण. तिथे डब्यात मुळातच फारशी गर्दी नाही, त्यामुळे ढकलून मोकळं करायला दारही नाही. २०० मिलिकेल्विनच्या वर मात्र तीव्रता वाढवली की गुणवत्ता सुधारते, आणि अनुनादाची वारंवारता वर जाते. सुट्यांची ऊर्जेनुसार वाटणी समतोल सोडून विस्कटलेली आहे असं धरल्याशिवाय हे आकडे कुठल्याही हिशेबात बसत नाहीत.

तेव्हा वाचनाच्या लहरीची तीव्रता ठरवताना शोधक बनवणाऱ्यांना दोन्ही हिशेब मांडावे लागतात: लहर फार मंद ठेवली तर यंत्राच्या गोंगाटात बुडते, फार तीव्र ठेवली तर पट्टीतली माणसंच जागा बदलतात. पडद्यावर २५० मिलिकेल्विनचा आलेख उघडा आहे. तीव्रता आणखी एक पायरी वर न्या आणि शिखर कुठल्या बाजूला सरकतं ते वहीत लिहून ठेवा.